वरच्या खिडकीतली म्हातारी: गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या एका ‘भुताटकीच्या’ घर-संग्रहालयाला दिलेल्या शैक्षणिक भेटीचा प्रकरण अभ्यास

घराचे, गावाचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या अकरावीच्या वर्गाने डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी साष्टीतले एक पोर्तुगीज काळातले घर पाहायला जायचे ठरवले. ३८ विद्यार्थी, सोबत इतिहासाचे सर आणि दोन बाई. घराचा पुढचा भाग संग्रहालय म्हणून पूर्वपरवानगीने दाखवला जातो, मागच्या भागात कुटुंब राहते. साठीच्या घरमालकीण स्वतःच सगळे दाखवतात. मदतीला एक वयस्क गडी.

साष्टीत आणि शेजारच्या केपे तालुक्यात अशी घरे नवी नाहीत. चांदरचे ब्रागांझा घर, लोटलीचे फिगेरेदो घर, केप्याचा दियांव पॅलेस (हा १७८७ मधला) ही नावे गोव्याबाहेरही माहीत आहेत. प्रकरणातले घर तेवढे मोठे नाही, पण ठेवण तीच. पुढे बाल्कांव, म्हणजे दारापुढचा छपराचा कट्टा, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी सोपे. आत मोठा दिवाणखाना, त्याला घरची माणसे ‘साल’ म्हणतात. मग जेवणघर, मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या आतले उघडे अंगण, शेवटी स्वयंपाकघर आणि विहीर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, चुन्याने लिंपलेल्या हातभराहून जाड भिंती. वर मंगळुरी कौले. सालीच्या अर्ध्या भागावर माडी असून तिची जमीन फळ्यांची आहे. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले शिंपले आहेत.

घर पश्चिमेकडे तोंड करून आहे, स्वयंपाकघराचे दार पूर्वेला. पुढे जे घडले त्यात ही दिशा फार महत्त्वाची ठरली.

अडचण

भेटीच्या तीन आठवडे आधी या घराचा एक छोटा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला. त्यात दोन दावे होते. पहिला, संध्याकाळी वरच्या खिडकीत पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी बसलेली दिसते. दुसरा, घराच्या तळघरात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या काळात माणसांचे हाल केले जात. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने तो पाहिला. सहलीच्या यादीत आधी २२ नावे होती, दोन दिवसांत ३८ झाली. मुलांची मागणी एकच: रात्री जाऊ या.

सरांपुढचा पेच साधा नव्हता. मुले पहिल्यांदाच आपण होऊन एखाद्या जुन्या घराबद्दल विचारत होती, ही उत्सुकता मारून टाकणे त्यांना पटत नव्हते. दुसरीकडे, घर हे कुणाचे तरी राहते घर आहे, तिथे भूत शोधायला जाणे असभ्यपणाचे. आणि वर्गात चार-पाच मुले अशी होती जी खरोखर घाबरत होती, पण हसतील म्हणून बोलत नव्हती.

फोंड्याच्या मुलांना देवचार, राखणदार हे शब्द घरातूनच ठाऊक असतात. त्यात भीती असते तशी माया आणि धाकही असतो, गावाची राखण करणारा तो. भुताच्या व्हिडिओतली भीती मात्र वेगळ्या जातीची असते. तिला ना गाव असते ना गाऱ्हाणे. हा फरक शिक्षकांनी आधीच बोलून दाखवला असता तर मुलांना आपल्या भीतीबद्दल बोलायला भाषा मिळाली असती.

समोरचे पर्याय

सहल रद्द करणे. सुरक्षित, पण मुले चार-पाच जणांच्या टोळीने स्कूटरवरून तिथे रात्री जाणार हे उघड होते. दोघांनी तसे बोलूनही दाखवले होते.

संध्याकाळी सहा ते आठ जाणे. मुलांची पसंती यालाच. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर तापलेली कौले आणि वासे तेव्हा निवायला लागतात. लाकूड आकसते, सांध्यात अडते, मग एकदम सुटते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. असे दहा-बारा आवाज लागोपाठ झाले की कुणीतरी चालते आहे असेच वाटते. पावसाळ्यात ओल प्यायलेले लाकूड नोव्हेंबर-डिसेंबरात सुकत असते, म्हणून याच दिवसांत हे आवाज वाढतात. माळ्यावर काटांदर, म्हणजे उदमांजर, रात्रीच बाहेर पडते. गव्हाणी घुबडाची किंकाळी ज्याने पहिल्यांदा ऐकली त्याला ती पक्ष्याची आहे हे पटवावे लागते. थोडक्यात, संध्याकाळची वेळ म्हणजे घराला सगळ्यात जास्त आवाज असण्याची आणि माणसाला सगळ्यात कमी दिसण्याची वेळ. शिवाय उजेड कमी, उंबरे उंच, माडीचा जिना उभा. घरमालकिणीनेही नकार दिला.

दुपारी जाणे, भुताचा विषय अजिबात न काढणे. दोन्ही बाईंचा कल इकडे होता.

दुपारी जाणे आणि व्हिडिओतल्या दाव्यांची तपासणी हाच अभ्यासाचा भाग करणे. सरांनी हा पर्याय मांडला आणि तोच ठरला. निर्णय योग्य होता. घसरण झाली ती अंमलबजावणीत.

तयारी

सर एकटेच एका गुरुवारी सकाळी अकराला घर पाहून आले. वारा पडलेला, सगळी दारे बंद, घरात तीनच माणसे. त्यांनी वस्तूंची यादी केली, शौचालय कुठे ते पाहिले, बस कुठे थांबेल ते विचारले. घर गर्दीत आणि वाऱ्यात कसे वागते हे त्या वेळी दिसणे शक्यच नव्हते. पूर्वपाहणी भेटीच्याच वेळेला करावी, हा पहिला धडा इथे हुकला.

घरमालकिणीच्या अटी स्पष्ट होत्या: एका वेळी जास्तीत जास्त १५ जण, पाठीवरच्या पिशव्या बाल्कांवावर ठेवायच्या, फ्लॅश नाही, देव्हाऱ्याच्या खोलीत बोलायचे नाही, माडीवर धावायचे नाही. अटींमागे कारणे आहेत. १३ मुलांचे सरासरी वजन ५५ किलो धरले तरी जुन्या फळ्यांवर सातशे किलोंहून अधिक भार हलत असतो. कापड, कागद आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयांत उजेडाची मर्यादा साधारण ५० लक्स धरतात, म्हणून खोल्या अंधुक ठेवाव्या लागतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांतच माणूस सगळ्यात जास्त दचकतो.

वर्गात दोन तास तयारी झाली. तळघराच्या दाव्यासाठी मुलांनी तारखा मांडल्या. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ ते १७७८ बंद होते, १८१२ मध्ये कायमचे संपले. न्यायालय आणि तुरुंग जुन्या गोव्यात होते, लोक त्या इमारतीला ‘ओरलें घर’ म्हणत. या घराच्या दर्शनी भागाची बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आणि व्हिडिओतले ‘तळघर’ म्हणजे उतारावर बांधलेल्या घराखालची नारळ-भाताची कोठी. दावा दहा मिनिटांत पडला. हा तास उत्तम झाला, आणि सहलीच्या साऱ्या गडबडीतही मुलांच्या लक्षात राहिला.

पण खिडकीतल्या म्हातारीचे काय? त्यावर सर म्हणाले, “भूतबित काही नसतं. तिथे काही दिसणार नाही.” बस्स. कारण दिले नाही, प्रश्न विचारला नाही. घाबरणारी मुले यामुळे शांत झाली नाहीत, गप्प झाली. बाकीच्यांनी सर चुकलेत हे सिद्ध करण्याचा चंग बांधला. नुसता नकार ऐकलेले मूल प्रत्येक आवाजाकडे पुरावा म्हणून पाहू लागते.

भेटीचा दिवस

ठरलेले वेळापत्रक असे होते: तीनला सुरुवात, १३, १३ आणि १२ जणांच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ३५ मिनिटे, एका वेळी एकच तुकडी आत. पावणेपाचला संपणार.

बस बोरीच्या पुलावर वाहतुकीत अडकली. गावातला रस्ता अरुंद, ५० आसनांची बस वळेना, म्हणून ती चर्चपाशी थांबवून मुले चालत आली. घरापाशी पोचायला चार वाजून दहा मिनिटे झाली. तीन तुकड्या एकापाठोपाठ घेतल्या तर सहा वाजणार. चालकाला साडेसहाला फोंड्यात असायचे होते, पालकांनाही तीच वेळ कळवलेली.

इथे या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो उभ्याउभ्या अर्ध्या मिनिटात झाला. पहिली तुकडी माडीवर, त्याच वेळी दुसरी खाली सालीत, तिसरी मागे विहिरीपाशी, मग अदलाबदल. एका वेळी एका खोलीत १५ हून कमीच जण, म्हणजे अट अक्षरशः पाळली गेली. तिचा अर्थ मात्र सुटला: घरात एकदम २६ जण होते. अट खोलीला नव्हती, घराला होती. घरमालकीण गोंधळल्या, पण पाहुण्यांपुढे नाही म्हणाल्या नाहीत.

चार चाळीसला खाली सालीत दुसरी तुकडी मोठ्या आरशापुढे उभी होती. जुना आरसा, पाठचा मुलामा जागोजागी काळवंडलेला. अंधुक उजेडात आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावली की एखाद्या मिनिटात तो वेडावाकडा, परका दिसू लागतो. इटलीतले मानसशास्त्रज्ञ जिओव्हानी कापुटो यांनी २०१० मध्ये ५० जणांवर हे करून पाहिले होते. दोन मुली नेमके तेच करत होत्या.

तेवढ्यात डोक्यावरचे झुंबर किणकिणले. कुणीही हात लावलेला नव्हता. सगळे वर पाहू लागले. ते थांबले आणि पुन्हा किणकिणले. एक मुलगी म्हणाली, “वर कुणीतरी चालतंय.” चालतच होते, पहिली तुकडी. पण ती तुकडी वर आहे हे दुसऱ्या तुकडीला कुणी सांगितलेच नव्हते. तिला वाटत होते की ती मुले मागच्या अंगणात आहेत.

याच सुमारास तिसऱ्या तुकडीला स्वयंपाकघराच्या दारातून आत घेण्यात आले. पुढचे दार उघडे, मागचे दार उघडे, दुपारचा समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून थेट बाल्कांवावर. साल आणि जेवणघर यांमधले सागाचे जड दार धाडकन आपटले.

किंकाळी फुटली. १३ जण एकदम पुढच्या दाराकडे धावले. एकाने पिशवी बाल्कांवावर न ठेवता खांद्यालाच अडकवून आणली होती. ती खिडकीच्या पाखाला लागली, दोन शिंपले फुटले. एका मुलाच्या तळहाताला कापले. आरशापुढच्या दोघींपैकी एक उंबऱ्याजवळ भोवळ येऊन खाली बसली, तिचे हात आकडल्यासारखे झाले.

बाईंनी इथे उत्तम काम केले. मुलीला सोप्यावर आडवे निजवून पाय उशीवर उंच ठेवले, भोवतीची गर्दी हटवली. ती शुद्धीवर होती, फक्त श्वास भराभर चालला होता. तोंडावर कागदी पिशवी धरा असे कुणीतरी सुचवले, बाईंनी ते टाळले आणि बरोबर केले. पिशवीने प्राणवायू कमी होतो, आणि त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते धोक्याचे. त्यांनी तिला स्वतःबरोबर मोजत हळू श्वास घ्यायला लावला: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. हातांची वळ ही भराभर श्वासामुळे येते, श्वास सावरला की जाते, हेही तिला मोठ्याने सांगितले. सहा-सात मिनिटांत ती उठून बसली. दुसऱ्याच्या हाताची जखम नळाखाली धुऊन पट्टी बांधली.

सरांनी उरलेली भेट तिथेच थांबवली. माडीवरची मुले एकेक करून खाली आणली. सव्वापाचला सगळे बसकडे निघाले.

नंतरचे दोन आठवडे

बसमध्येच एका मुलाने १४ सेकंदांचा व्हिडिओ टाकला: किणकिणते झुंबर, आपटणारे दार, किंकाळ्या. दुसऱ्याने बंदी असताना फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत पांढरे गोल होते. भिंगाजवळच्या धुळीच्या कणांवर फ्लॅशचा उजेड पडला की ते असेच गोल उमटतात, पण रविवारी सकाळपर्यंत ते ‘आत्मे’ झाले होते. भोवळ आलेल्या मुलीच्या आजीने तिच्यावरून नारळ ओवाळून टाकला. शाळेत यावर हसण्याचा एक प्रयत्न झाला, तो बाईंनी लगेच थांबवला. आजीच्या मनाला त्याने उतार पडला, मुलगी सोमवारी वर्गात आली. यात हसण्यासारखे काही नव्हते.

घरमालकिणींनी शाळांच्या सहली बंद केल्या. फोनवर त्या रागावल्या नाहीत, फक्त एवढेच म्हणाल्या, “तुमी भूत म्हणटात ती म्हजी शामाय.”

शामाय म्हणजे आजी. ही एक ओळ पूर्वपाहणीच्या दिवशी कानावर आली असती तर पुढचे बरेचसे टळले असते.

मंगळवारी सर, एक बाई आणि मुख्याध्यापक घरी गेले. माफी मागितली, फुटलेल्या शिंपल्यांची भरपाई विचारली. तेव्हा कळले की प्रश्न पैशाचा नाही. खिडकीला लागणारा हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ मध्ये आला. तो आता सहज बाजारातून आणून बसवता येत नाही. सुदैवाने पडक्या गोठ्याच्या खिडकीतले जुने शिंपले त्यांनी जपून ठेवले होते. सुताराने पट्टी सैल करून दोन शिंपले सरकवून बसवले. मजुरी शाळेने दिली.

त्या बैठकीत घरमालकीण सविस्तर बोलल्या. शामाय शेवटची अकरा वर्षे चालू शकत नव्हत्या. वारा लागावा म्हणून त्यांची खुर्ची माडीच्या पश्चिम खिडकीला लावलेली असे, दिवसभर त्या तिथेच. रस्त्याने जाणाऱ्याला त्या दिसत, हात करत. त्या गेल्यानंतर खुर्ची तिथेच राहिली, पाठीवर त्यांनीच विणलेले पांढरे क्रोशाचे आवरण. संध्याकाळी आमोरेची, म्हणजे चर्चमधल्या सांजप्रार्थनेची घंटा झाली की नात त्या खोलीत दिवा लावते. दिवा मागे, खुर्ची खिडकीला चिकटून, मध्ये अर्धपारदर्शक शिंपले. वस्तू शिंपल्याला जितकी जवळ तितकी तिची सावली ठळक. रस्त्यावरून मान कललेली एक बसलेली बाई दिसणारच.

गावात हे जुन्या माणसांना माहीत होते. पण आजूबाजूची चार घरे कुलूपबंद. कुणी लिस्बनला, कुणी आखातात, कुणी मुंबईत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारसा-पद्धतीत, जी गोव्यात पुढेही चालत राहिली, सर्व मुलांना समान वाटा मिळतो. न्यायाच्या दृष्टीने ती उत्तम, पण वाटे वाढत गेले की एका घराला वीस-पंचवीस मालक होतात आणि कुलूप उघडायला एकमत होत नाही. सांगणारी माणसे गेली की उरते ती नुसती सावली, आणि तिला गोष्ट बाहेरून येऊन चिकटते. गोव्यातल्या अनेक ‘भुताच्या’ घरांमागे हेच आहे. खाप्री नावाच्या भुताच्या गोष्टीसुद्धा अशाच वाचायला हव्यात: त्या नावामागे गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांची आठवण आहे. ते भूत नाकारून भागत नाही, ते कुणाचे आहे हे विचारावे लागते.

दुसरी भेट

फेब्रुवारीत घरमालकिणींच्या संमतीने नऊ मुले पुन्हा गेली. त्यांत भोवळ आलेली मुलगी होती, आणि व्हिडिओ टाकणारा मुलगाही. त्याने तो आधीच काढून टाकला होता. सक्ती करून नव्हे, शामायची हकीकत ऐकून. वेळ मुद्दाम तीच, साडेचार. या वेळी मुलांनी स्वतः घर ‘वाजवून’ पाहिले.

आधी झुंबर. त्याचा हूक माडीच्या फळ्यांखालच्या तुळईत आहे. एक जण वर अनवाणी चालला, काही नाही. तिघे सावकाश चालले, तरी काही नाही. आठ जण आपापल्या चालीने खिडकीपर्यंत गेले तेव्हा बारीक आवाज आला. आठही जण खिडकीपाशी थांबून एकदम वळले तेव्हा डिसेंबरातली तीच किणकिण, अगदी तशीच. दूर उभ्या राहून ऐकणाऱ्या मुलीने स्वतःहून सांगितले, “हाच आवाज.”

मग दार. पुढचे उघडे, मागचे बंद: दार हलत नाही. दोन्ही उघडी: दोन-तीन मिनिटांत आपटते. खाली लाकडी पाचर लावली की दोन्ही दारे उघडी असूनही स्थिर. गड्याने सांगितले की पाचर रोजच लावतात, त्या दिवशी मुलांच्या पायाने सरकली असावी.

एका मुलाने १९९८ चा तो प्रसिद्ध खुलासा वाचून आणला होता: प्रयोगशाळेतल्या पंख्यामुळे १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा आवाज निर्माण होत होता आणि तिथे काम करणाऱ्या अभियंत्याला नजरेच्या कोपऱ्यात करडी आकृती भासली. खुलासा रंजक आहे, म्हणूनच तो जिथे तिथे लावला जातो. इथे त्याची गरज नव्हती. दोन उघडी दारे आणि मुलांचे पाय एवढे कारण पुरेसे होते, आणि हाताने तपासता येण्यासारखे होते. सरांनी मुलाला वहीत दोन्ही लिहायला सांगितले, शेजारी ‘तपासले’ आणि ‘वाचले’ असे शेरे मारून.

वेगळे काय करता आले असते

पूर्वपाहणी भेटीच्याच वाराला, त्याच वेळेला, निदान पाच-सहा जणांनी करायला हवी होती. सगळी दारे उघडून, माडीवर चालून, खाली एकाने ऐकत. त्याला अर्धा तास पुरतो.

घरमालकिणीला विचारायचा प्रश्न यादीतच असायला हवा: “या घराबद्दल लोक काय बोलतात, आणि ते ऐकून तुम्हाला कसं वाटतं?” आपण विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. घराविषयी वाईट बोलले जात असताना त्याच घराचे दार पाहुण्यांना उघडणाऱ्या बाईंची ती बाजू ऐकणे हे अभ्यासाआधीचे कर्तव्य आहे.

उशीर झाल्यावर तुकड्या एकत्र आत सोडण्याऐवजी भेट छोटी करता आली असती: माडी वगळायची, प्रत्येक तुकडीला २० मिनिटे. ३८ ऐवजी २६ मुले नेता आली असती, उरलेल्यांसाठी दुसरी तारीख. बसऐवजी दोन मिनीबस घेतल्या असत्या तर चर्चपासूनची पायपीट वाचली असती. समजा तुकड्या एकत्र आत घेणे अटळच होते, तर निदान ‘आपल्या डोक्यावर आत्ता १३ मुले चालताहेत, आवाज येईल’ हे एक वाक्य खाली सांगायला हवे होते. या प्रकरणातले ते सर्वांत स्वस्त वाक्य होते, आणि तेच राहून गेले.

‘भूत नसतं’ या वाक्यावर शिक्षकांमध्ये अजून मतभेद आहेत. एक बाई म्हणतात, शिक्षकाने ठाम असायलाच हवे. सरांचे मत बदलले आहे. ते आता उत्तर न देता आधी कान उघडायला लावतात: सालीत शिरल्यावर सगळ्यांनी दोन मिनिटे गप्प उभे राहायचे, जे ऐकू येईल ते लिहायचे, मग प्रत्येक आवाजाचे ठिकाण शोधायचे. फेब्रुवारीत नऊ जणांनी मिळून १७ आवाज लिहिले. १४ ची ठिकाणे सापडली. उरलेल्या तिनांपैकी एक घरमालकिणींनी सांगितला, माळ्यावरचा काटांदर. दोन तसेच राहिले, आणि मुलांना ते तसे राहिल्याची भीती वाटली नाही. जो घाबरतो त्याला आधीच, एकट्याला विचारावे आणि बाल्कांवावर थांबण्याची मोकळीक द्यावी, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

घर आता पुन्हा शाळांसाठी उघडे आहे. अटींच्या कागदावर तीन ओळी वाढल्या आहेत: पूर्ण घरात एकूण १५ जण, मधल्या दाराला दोन पाचरी, आणि माडीची खोली पाहताना खुर्चीत बसायचे नाही. त्या खोलीत आता शामायचा फोटोही लावला आहे. घरमालकीण तिथे पोचल्या की आधी त्यांच्या विणकामाबद्दल सांगतात.